बॅच फाइल बिघडली तर ओळ कशी तपासावी

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातील एका गुळाच्या अडत दुकानात हंगामात रोज संध्याकाळी एक बॅच फाइल, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या आदेशांची फाइल, चालते. दिवसभरात तयार झालेल्या पट्ट्यांच्या (शेतकऱ्यांच्या विक्रीच्या हिशेबांच्या) मजकूर फाइली ती गावाच्या नावाने लावते, रव्यांची (गुळाच्या ढेपांची) बेरीज करते, सगळे एका फाइलीत गोळा करते आणि दुसऱ्या संगणकावर प्रत ठेवते. तिच्यात वेळोवेळी झालेले बिघाड मी दुरुस्त केले आहेत आणि त्या अनुभवावरून एक पद्धत माझ्या मनात पक्की बसली आहे. विंडोजचा आदेश-दुभाषी, म्हणजे सीएमडी, कोणतीही ओळ चालवण्याआधी तिच्यातील टक्का चिन्हांमधली नावे काढून त्यांच्या जागी मजकूर भरतो आणि मगच ती ओळ वाचतो. त्यामुळे आपण लिहिलेली ओळ आणि प्रत्यक्षात चाललेली ओळ या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि तपासणी नेहमी दुसऱ्या ओळीची करायची असते.

या लेखात आदेशांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करावीत. टक्का, उद्गारचिन्ह, अवतरणचिन्ह, कंस ही चिन्हे मात्र जशी दिसतात तशीच वापरावीत.

खिडकी मिटण्यापूर्वी संदेश वाचावा

बॅच फाइलवर दोनदा क्लिक केले की काळी खिडकी क्षणभर उघडते आणि मिटते, आणि चुकीचा संदेशही तिच्याबरोबर जातो. म्हणून तपासणी करताना फाइल कधीही क्लिक करून चालवू नये. आधी कमांड प्रॉम्प्ट उघडावा, ‘सीडी’ आदेशाने त्या फोल्डरात जावे आणि तेथे फाइलीचे नाव टाइप करावे, म्हणजे काम संपले तरी खिडकी उघडी राहते. फाइल चालतच नसेल, तर नोटपॅडने तिच्या नावाच्या शेवटी ‘.टीएक्सटी’ जोडले आहे का, हे फाइल एक्सप्लोररमध्ये फाइलींची पूर्ण नावे दाखवण्याचा पर्याय चालू करून पाहावे.

त्यानंतर पहिल्या ओळीतील ‘@एको ऑफ’ तात्पुरते काढून टाकावे. आता प्रत्येक ओळ चालण्यापूर्वी पडद्यावर दिसते आणि ती मजकूर भरून झाल्यानंतरची असते. एखाद्या व्हेरिएबलच्या, म्हणजे नाव देऊन ठेवलेल्या किमतीच्या, जागी काहीच दिसत नसेल, तर ते रिकामे आहे, हे तेथेच कळते. फाइल मोठी असेल तर संशयित भागाच्या आधी ‘@एको ऑन’ आणि नंतर पुन्हा ‘@एको ऑफ’ लिहावे, मध्ये ‘पॉज’ घालून थांबवावे. पडद्यावर अचानक ‘एको इज ऑफ’ असे उमटले, तर तो बिघाडाचा स्पष्ट पुरावा समजावा, कारण ‘एको’ला छापायला दिलेले व्हेरिएबल रिकामे होते, म्हणून त्याने स्वतःची स्थिती सांगितली.

नाव बदलणे, हलवणे आणि पुसणे हे आदेश तपासताना त्यांच्या आधी ‘एको’ शब्द लावावा. तसे केल्यास आदेश चालत नाही, फक्त छापला जातो. छापलेल्या सर्व ओळी वाचून त्या बरोबर आहेत याची खात्री झाल्यावरच ‘एको’ काढावा. ही सगळी तपासणी मूळ फोल्डरात करू नये, त्याची एक प्रत करून तीत करावी. शेतकऱ्याच्या पट्टीची एकमेव प्रत प्रयोगासाठी वापरणे मला कधीच योग्य वाटलेले नाही.

कसबा बावड्याची फाइल का अडते

शिये, वडणगे, केर्ले या गावांच्या फाइली व्यवस्थित कॉपी होतात आणि कसबा बावड्याची होत नाही, अशी तक्रार आली की कारण नावातील मोकळ्या जागेत असते. सीएमडीसाठी मोकळी जागा म्हणजे एका शब्दाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात. अवतरणचिन्हे नसतील तर ‘कॉपी’ आदेशाला ‘कसबा’ आणि ‘बावडा’ ही दोन वेगळी नावे दिसतात आणि आदेशाची मांडणी चुकल्याचा संदेश येतो. ‘डेल’ आदेशाच्या बाबतीत हे अधिक धोक्याचे आहे. ‘कसबा’ नावाचा फोल्डर तेथे असेल, तर तो आदेश त्या फोल्डरातील सर्व फाइली पुसू का, असे विचारतो, आणि ‘/क्यू’ हा पर्याय दिलेला असेल तर विचारतही नाही. म्हणून फाइलीचे किंवा फोल्डरचे नाव जेथे जेथे येते तेथे ते अवतरणचिन्हांत असावे, मग त्यात आज मोकळी जागा असो वा नसो. नावात ‘&’ असेल तरी हाच उपाय लागू पडतो, कारण अवतरणाबाहेरचे ‘&’ म्हणजे सीएमडीच्या दृष्टीने नव्या आदेशाची सुरुवात होय.

‘सेट’ आदेशात मोकळी जागा आणखी वेगळ्या रीतीने नडते. ‘सेट गाव = शिये’ असे लिहिले तर व्हेरिएबलचे नाव ‘गाव’ राहत नाही, त्याच्या शेवटी एक मोकळी जागा चिकटते, आणि पुढे %गाव% लिहिले की हाती काहीच येत नाही. बरोबरीच्या चिन्हाभोवती मोकळी जागा न सोडता सबंध जोडी अवतरणात घेऊन, म्हणजे सेट "गाव=शिये" अशी लिहावी. ओळीच्या शेवटी नजरेला न दिसणारी मोकळी जागा राहिली असेल, तर तिचाही त्रास यामुळे टळतो. त्याचप्रमाणे ‘इफ’मध्ये तुलना करताना दोन्ही बाजू अवतरणात घ्याव्यात, अन्यथा व्हेरिएबल रिकामे असेल त्या दिवशी ‘वॉज अनएक्स्पेक्टेड ॲट धिस टाइम’ असे सांगून फाइल तेथेच बंद पडते.

कंसातील व्हेरिएबल जुनेच का राहते

बॅच फाइल लिहिणाऱ्यांचा सर्वाधिक वेळ या एका बिघाडात जातो. ‘फॉर’ लूपच्या (तेच काम पुन्हापुन्हा करवणाऱ्या आदेशाच्या) कंसात आपण प्रत्येक फाइलीसाठी सेट "गाव=..." असे लिहितो आणि पुढच्याच ओळीत एको %गाव% लिहितो. फाइल पहिल्यांदा चालवल्यावर नावाऐवजी ‘एको इज ऑफ’ दिसते. त्याच खिडकीत ती दुसऱ्यांदा चालवली की प्रत्येक फाइलीसमोर मागच्या खेपेतील शेवटच्या गावाचे नाव दिसते. एकच फाइल दोन वेळा दोन प्रकारे चुकल्यामुळे माणूस गोंधळतो.

त्याचे कारण असे की सीएमडी उघडणाऱ्या कंसापासून बंद होणाऱ्या कंसापर्यंतचा सगळा भाग एकच आदेश म्हणून एकदाच वाचतो, आणि त्यातील सगळी टक्का चिन्हे त्याच वेळी भरून टाकतो. त्या क्षणी लूपची एकही फेरी झालेली नसते, त्यामुळे %गाव% च्या जागी लूप सुरू होण्यापूर्वीची किंमत पक्की बसते आणि नंतर ‘सेट’ने ती कितीही बदलली तरी छापली जाणारी ओळ बदलत नाही. दुसऱ्या खेपेला जुने गाव दिसते, कारण मागच्या खेपेचे व्हेरिएबल त्या खिडकीत जिवंत राहिलेले असते. हे टाळण्यासाठी प्रत्येक बॅच फाइलीच्या सुरुवातीला ‘सेटलोकल’ लिहावे, म्हणजे फाइल संपताच तिची व्हेरिएबल्सही संपतात.

मूळ बिघाडावर रूढ उपाय म्हणजे ‘सेटलोकल एनेबलडिलेडएक्स्पान्शन’ ही ओळ लिहून कंसाच्या आत %गाव% ऐवजी !गाव! वापरणे. उद्गारचिन्हांमधले नाव प्रत्यक्ष ओळ चालताना भरले जाते. परंतु या उपायाची किंमत मोजावी लागते. तो चालू असताना फाइलीच्या नावात किंवा मजकुरात खरोखरीचे उद्गारचिन्ह आले, तर ते नाहीसे होते. ‘तातडी!’ अशा नावाची फाइल ‘तातडी’ म्हणून शोधली जाते आणि सापडत नाही.

म्हणून जेथे फाइलींची नावे दुसऱ्या लोकांनी दिलेली असतात, तेथे मी दुसरा मार्ग घेतो. लूपच्या आत फक्त ‘कॉल’ आदेश ठेवावा, त्याला फाइलीचे नाव अवतरणात द्यावे आणि सगळे खरे काम फाइलीच्या शेवटी लेबल, म्हणजे नाव, देऊन लिहिलेल्या उपभागात करावे. उपभागातील ओळी कंसात नसल्याने एकेक करून वाचल्या जातात आणि साधी टक्का चिन्हे तेथे बरोबर चालतात. मात्र लूप संपल्यावर, लेबलच्या आधी, ‘एक्झिट /बी’ लिहिण्यास विसरू नये, नाहीतर मुख्य काम संपल्यावर सीएमडी सरळ खाली उतरतो आणि उपभाग रिकाम्या नावाने आणखी एकदा चालवतो.

कंसाशी संबंधित आणखी एक चूक नेहमी भेटते. एकच फाइल दोनदा उतरवून घेतली की ब्राउझर तिच्या नावात कंसात आकडा घालतो. असे नाव व्हेरिएबलमध्ये असेल आणि लूपच्या किंवा ‘इफ’च्या कंसात ते अवतरणाशिवाय आले, तर नावातला बंद होणारा कंस आपला कंस अकाली बंद करतो.

लूपचे अक्षर बॅच फाइलीत दोन टक्का चिन्हांनी आणि प्रॉम्प्टवर थेट टाइप करताना एकाच चिन्हाने लिहावे लागते, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यापेक्षा कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की साधा ‘फॉर’ लूप फोल्डर वाचत असतानाच आपण त्यातील फाइलींची नावे बदलत गेलो, तर नाव बदललेली फाइल त्याला पुन्हा नवी म्हणून भेटू शकते आणि तिच्या नावाला उपसर्ग दोनदा लागतो. नावे बदलायची असतील तर ‘फॉर /एफ’ला ‘डिर /बी’ या आदेशाची यादी द्यावी, कारण ती यादी आधी पूर्ण तयार होते आणि मग लूप सुरू होतो.

मजकूर वाचताना गळणाऱ्या ओळी

‘फॉर /एफ’ने फाइल ओळीओळीने वाचता येते, पण त्याच्या सवयी माहीत नसतील तर ओळी गुपचूप गळतात. काही सांगितले नाही तर तो प्रत्येक ओळीतील मोकळ्या जागेपूर्वीचा पहिला शब्दच घेतो, त्यामुळे ‘कसबा बावडा’ येथेही ‘कसबा’ होऊन बसतो. संपूर्ण ओळ हवी असल्यास ‘डेलिम्स=’ लिहून पुढे काहीही न देता अवतरण बंद करावे. रिकाम्या ओळी तो नेहमीच गाळतो आणि अर्धविरामाने सुरू होणारी ओळ टिप्पणी समजून सोडून देतो. फाइलीचे नाव अवतरणात दिले की तो त्या नावालाच मजकूर समजतो. तेव्हा ‘यूजबॅकक्यू’ हा पर्याय जोडावा लागतो.

मराठी मजकुराचा प्रश्न थोडा अधिक लक्ष मागतो. बॅच फाइलीत देवनागरी असेल तर नोटपॅडमध्ये ती यूटीएफ-८ या युनिकोड स्वरूपात साठवावी आणि देवनागरीचा पहिला शब्द येण्यापूर्वी, तेच स्वरूप सीएमडीला सांगणारा ‘सीएचसीपी ६५००१’ हा आदेश द्यावा. एएनएसआय या जुन्या स्वरूपात साठवल्यास अक्षरांची प्रश्नचिन्हे होतात आणि ती परत मिळत नाहीत. साठवताना ‘यूटीएफ-८ विथ बॉम’ मात्र निवडू नये. त्यामुळे फाइलीच्या आरंभी तीन अदृश्य बाइट बसतात, पहिल्या ओळीतील आदेश ओळखता येत नाही असा संदेश त्याआधी दिसणाऱ्या विचित्र चिन्हांसह येतो आणि ‘@एको ऑफ’ लागूच होत नाही. विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपूर्वीचे नोटपॅड यूटीएफ-८ निवडल्यावर हे बाइट आपोआप घालत असे, म्हणून जुन्या संगणकावर हा बिघाड हमखास भेटतो.

काळ्या खिडकीत देवनागरीची अक्षरे तुटकी किंवा चौकोनी दिसली, म्हणून फाइल बिघडली असे समजू नये. निकाल फाइलीत वळवून ती नोटपॅडमध्ये उघडून पाहावी. तसेच तयार झालेली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली) फाइल एक्सेलमध्ये क्लिक करून उघडल्यास मराठी बिघडलेली दिसू शकते. ‘डेटा’ विभागातून ती आयात करताना ६५००१ हे स्वरूप निवडले की मजकूर नीट येतो.

शहरातल्या छापखान्यांतून आलेल्या जुन्या याद्या अनेकदा युनिकोडपूर्व फाँटमधल्या असतात. त्या फाँटांत देवनागरीची रूपे रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी बसवलेली असल्याने, आपल्याला जे मराठी नाव वाटते त्यात सीएमडीला ‘&’, ‘^’ किंवा ‘!’ दिसू शकते आणि तो त्याप्रमाणे वागतो. अशा याद्या आधी युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्यात. बॅच फाइलीतच त्यांच्यावर पळवाटा शोधण्यात अर्थ नाही.

आकडे चुकतात, पण फाइल थांबत नाही

संदेश देऊन थांबणारी फाइल त्यामानाने बरी, कारण चुकीची बेरीज देणारी फाइल पैशाच्या व्यवहारात जास्त नुकसान करते. गणित करणारा ‘सेट /ए’ हा आदेश शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीचा, म्हणजे ० ते ७ एवढेच अंक असलेल्या पद्धतीचा, समजतो. ०८ आणि ०९ हे आकडे त्या पद्धतीत नसल्याने तेथे चूक दाखवली जाते, आणि म्हणूनच महिन्यावर गणित करणाऱ्या फाइली ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये बंद पडतात. परंतु ०१० हा पट्टी क्रमांक दिला तर तो काहीही न बोलता ८ धरतो. यावर उपाय म्हणजे दोन अंकी आकड्याच्या आधी १ जोडून शंभर वजा करावेत आणि तीन अंकी असल्यास हजार वजा करावेत.

‘सेट /ए’ दशांश मानत नाही, म्हणून रक्कम पैशांत मांडण्याची युक्ती केली जाते. तिला मर्यादा आहे. सर्वात मोठी संख्या २१४७४८३६४७ इतकीच असल्याने पैशांत मोजलेली बेरीज २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैशांच्या पुढे गेली की ती ऋण होते. हंगामाच्या एकूण उलाढालीसाठी पॉवरशेल किंवा एक्सेल वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रव्यांच्या नोंदीतही असाच प्रकार पाहिला आहे. ‘एको रवे %संख्या%>>नोंद’ अशी ओळ होती. ज्यांचे दहा किंवा अधिक रवे आले त्यांची नोंद बरोबर होत असे आणि ज्यांचा एकच रवा आला त्यांच्यासमोर आकडाच नसे. दोन रवे असलेल्यांची तर ओळच फाइलीत येत नसे, ती पडद्यावर उमटून जाई. ‘>’ चिन्हाला चिकटलेला सुटा एक अंक सीएमडी प्रवाहाचा क्रमांक मानतो. १ म्हणजे नेहमीचा निकाल आणि २ म्हणजे चुकांचे संदेश. ३० सारख्या दोन अंकी आकड्यात शेवटच्या अंकाच्या आधी मोकळी जागा नसल्याने तो आकडा वाचला. दिशा देणारा भाग ओळीच्या आरंभी लिहावा, म्हणजे ‘>>नोंद एको रवे %संख्या%’, आणि हा प्रश्न कायमचा मिटतो. लहान शेतकऱ्याचीच नोंद गळावी, ही गोष्ट मला फार लागली होती.

नावांचे घोटाळे आणि यशाचे संकेत

व्हेरिएबलला ‘पाथ’ असे नाव कधीही देऊ नये. विंडोज याच नावाच्या व्हेरिएबलमधून बाहेरील आदेश कोठे शोधायचे ते ठरवते, त्यामुळे ते बदलताच ‘फाइंडस्टर’, ‘रोबोकॉपी’ असे एरवी चालणारे आदेश ओळखू येईनासे होतात. बॅच फाइलीला ‘सॉर्ट’ किंवा ‘पिंग’ अशी आदेशांचीच नावे दिली, तर त्या फोल्डरातून चालताना ती स्वतःलाच पुन्हापुन्हा चालवत राहते. एका बॅच फाइलीतून दुसरी चालवताना ‘कॉल’ न लिहिल्यास दुसरी संपल्यावर पहिलीकडे परत येणे होत नाही.

आदेश यशस्वी झाला का, हे ‘एररलेव्हल’वरून, म्हणजे आदेश संपताना मागे ठेवतो त्या आकड्यावरून, कळते, पण ‘इफ एररलेव्हल १’ याचा अर्थ ‘एक किंवा त्याहून अधिक’ असा आहे. फाइली कॉपी करणाऱ्या ‘रोबोकॉपी’चे संकेत तर निराळेच आहेत. तेथे १ म्हणजे फाइली व्यवस्थित कॉपी झाल्या आणि ८ पासून पुढे अपयश. साध्या तपासणीने यशालाच अपयश ठरवले जाते.

वेळापत्रकावर चालणारी फाइल

हाताने चालवल्यावर बरोबर आणि ठरलेल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या टास्क शेड्युलरमधून चालवल्यावर चूक, असे झाले तर आधी चालू फोल्डर पाहावा. ‘स्टार्ट इन’ रकाना रिकामा असेल तर फाइल विंडोजच्या ‘सिस्टिम३२’ फोल्डरात उभी राहून आपल्या पट्ट्या शोधते. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवल्यावरही असेच होते. सुरुवातीला ‘पुशडी’ आदेश लिहून त्यापुढे अवतरणात टक्का, टिल्ड, डी, पी आणि शून्य ही पाच चिन्हे द्यावीत, म्हणजे फाइल स्वतःच्याच फोल्डरातून काम सुरू करते. फोल्डर दुसऱ्या संगणकावर असला तरी ‘पुशडी’ त्याला तात्पुरते ड्राइव्ह अक्षर देतो, जे ‘सीडी’ला जमत नाही. आपण लॉगिन करून जोडलेली ड्राइव्ह अक्षरे मात्र शेड्युलरला दिसतीलच असे नाही, म्हणून तेथे संगणकाच्या नावासह पूर्ण पत्ता द्यावा.

तारखेवरून फोल्डरचे नाव बनवत असाल तर %डेट%चे स्वरूप त्या संगणकाच्या प्रादेशिक मांडणीवर ठरते, हे ध्यानात ठेवावे. %टाइम%मध्ये सकाळी दहाच्या आधी तासापुढे शून्याऐवजी मोकळी जागा असते, त्यामुळे दुपारी चालणारी फाइल सकाळी अडते. नोंदीची फाइल ठेवताना आदेशाच्या शेवटी ‘>>नोंद २>&१’ याच क्रमाने लिहावे, अन्यथा चुकांचे संदेश नोंदीत येत नाहीत. हे अंक टाइप करताना इंग्रजीच (1, 2) हवेत.

जुन्या फाइली पुसणारी ओळ मी सर्वात शेवटी आणि फाइलीचे बाकी सारे काम निर्दोष चालू लागल्यावरच लिहितो. ‘डेल’ने पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. शिवाय ‘*.एक्सएलएस’ असे सांगितल्यावर ‘.एक्सएलएसएक्स’ असलेल्या नव्या फाइलीही पुसल्या जाऊ शकतात, कारण विंडोज अनेक ड्राइव्हवर प्रत्येक फाइलीला आठ अधिक तीन अक्षरांचे जुन्या पद्धतीचे छोटे नावही देते आणि शोधताना तेही जुळवून पाहते. म्हणून ‘फॉर’ लूपमध्ये प्रत्येक फाइलीचा विस्तार अवतरणात घेऊन ‘इफ /आय’ने नेमका तपासावा, पहिला आठवडाभर ‘डेल’पुढचा ‘एको’ तसाच ठेवावा, आणि रोजची छापलेली यादी दुकानातील ज्या व्यक्तीला त्या फाइली ओळखू येतात तिच्याकडून पाहून घ्यावी.